‘जन्मजात’ या शब्दाची झडती

माणूस गुन्हेगार म्हणून जन्माला येतो की परिस्थिती त्याला गुन्हेगार बनवते, हा आपल्या महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांचा एक आवडता विषय आहे. मुले दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलतात, परीक्षक ‘दोन्ही घटक महत्त्वाचे’ असा समतोल निर्णय देतात, आणि ढाली वाटून सभा संपते. या देशात या प्रश्नाचे उत्तर १८७१ साली कायद्याने देऊन टाकले होते आणि त्या उत्तराखाली लाखो माणसांच्या पिढ्या भरडल्या गेल्या, हे त्या सभेत क्वचितच कोणाला आठवते. म्हणून या प्रश्नाचा विचार युरोपातल्या एखाद्या मानसशास्त्रज्ञापासून सुरू न करता लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’पासून सुरू करावा, असे मला वाटते. हे स्वकथन १९८७ साली आले, दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ‘अनोखे अनुभवविश्व’ या ठरलेल्या शब्दांत त्याची बोळवण करून प्रस्थापित समीक्षा मोकळी झाली. अनोखे कोणाला? ज्याच्या घराची झडती पोलिसांनी पहाटे घेतलेली आहे, त्याला त्यात अनोखे काहीच नाही.

मराठी भाषेत या वादाच्या दोन्ही बाजू फार पूर्वीपासून म्हणींच्या रूपाने पडून आहेत. ‘खाण तशी माती’ ही एक बाजू. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही दुसरी. आपले पंडित सोयीप्रमाणे कधी ही म्हण वापरतात, कधी ती. स्वतःच्या मुलाने काही चांगले केले की खाण आठवते. वाईट केले की शेजारच्या ढवळ्याचा दोष. पण पारध्याच्या, कैकाड्याच्या, बेरडाच्या, मांगाच्या मुलाच्या बाबतीत मात्र दोन्ही म्हणी एकाच वेळी लावल्या जातात. त्याची खाणही वाईट आणि त्याचे शेजारही वाईट. त्याला सुटायला फटच ठेवलेली नाही. भाषेनेही यात हातभार लावला आहे. आपण ‘जात्याच हुशार’ म्हणतो, ‘जातिवंत घोडा’ म्हणतो. गुणावगुण जन्माबरोबर येतात ही समजूत आपल्या तोंडात इतकी मुरलेली आहे की तिच्यासाठी वेगळा सिद्धान्त मांडावाच लागत नाही.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नेमकी हीच समजूत उचलली. इटलीच्या लोम्ब्रोझोने माणसाच्या कवटीवरून आणि जबड्यावरून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखण्याचे शास्त्र सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले ते १८७६ साली. म्हणजे हिंदुस्थानातला कायदा त्याच्या पाच वर्षे आधीचा आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना कवट्या मोजण्याची गरज पडली नाही, कारण मोजमाप आधीच तयार होते. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, धंदा जातीने चालत येतो. तेव्हा गुन्हा हाही काही जातींचा पिढीजात धंदा असलाच पाहिजे, असा या कायद्यामागचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद इंग्रजांना कोणी शिकवला? लोम्ब्रोझोने खासच नाही. मनुस्मृतीतल्या कर्मविपाकाची आणि वर्णधर्माची ती सरकारी आवृत्ती होती. साहेबाने फक्त तिला कलमे आणि शिक्षा जोडल्या.

ती कलमे कशी होती हे आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की ती अधिसूचना हाच पुरावा, त्याविरुद्ध कोर्टात दाद नाही. प्रौढांची नावे नोंदवायची, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर दाखला घ्यायचा. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली सुधारून मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येईल असा करण्यात आला, आणि १९२४ साली पुन्हा एकत्रित करून पक्का करण्यात आला. कोण होती ही माणसे? तांडे घेऊन मीठ आणि धान्य वाहणारे बंजारा, ज्यांचा धंदा रेल्वेने आणि मिठावरच्या सरकारी बंधनांनी बुडाला. शिकारीवर जगणारे पारधी, ज्यांचे जंगल वनकायद्याने सरकारचे झाले. गडकिल्ल्यांची आणि गावांची राखण करणारे रामोशी नि बेरड, ज्यांना राखायला राज्यच उरले नाही. ज्यांची पोटाची वाट कायद्याने बंद झाली, त्यांनाच पुढे कायद्याने जन्मजात चोर ठरवले. मीठ, जंगल आणि राखण या तीन गोष्टी बाजूला ठेवून ‘रक्त’ शोधायला निघालेला समाजशास्त्रज्ञ मला नेहमीच संशयास्पद वाटतो.

या पार्श्वभूमीवर ‘उचल्या’ वाचले पाहिजे. लातूरजवळच्या धनेगावचे हे कुटुंब. आजोबा पोलिसांच्या नोंदीतले. वडील मात्र शेतावर राखणदारी करणारे, म्हणजे ज्याच्या ‘रक्ता’त चोरी आहे त्याच्याच हाती शेतकऱ्याने आपले पीक सोपवलेले. हा विरोधाभास गायकवाड कुठेही ठळक करून सांगत नाहीत. तो नुसता घडतो. थोरला भाऊ चोरीच्या धंद्यात जातो आणि धाकटा, लेखक स्वतः, शाळेत. एकाच आईबापांची मुले, एकच भाकरी, एकच झोपडी. जुळ्या मुलांवर संशोधन करणाऱ्यांना इतका उघडा दाखला कुठे मिळाला असता? पण आपण त्याच्याकडे दाखला म्हणून पाहिलेच नाही, करुण कहाणी म्हणून पाहिले.

माझ्या मते या पुस्तकाचा गाभा चोरीच्या शिक्षणाचे जे वर्णन येते त्यात आहे. लहान पोरांना धंद्यात घेताना आधी मार दिला जातो. पोलिसांच्या माराला ते टिकतील का, साथीदारांची नावे फोडतील का, हे घरच्यांनीच मारून पाहायचे. हात हलका कसा ठेवायचा, गर्दीत कोणी कुठे उभे राहायचे, पकडले गेल्यावर काय बोलायचे, हे सगळे शिकवले जाते. यासाठी वडीलधारे आहेत, परीक्षा आहे, नापास होणे आहे, आणि हे शिक्षण न झेपणारी मुलेही आहेत. ज्या गोष्टीसाठी लेकराला इतके मारावे लागते ती गोष्ट रक्तात कशी असेल? पोहायला शिकवावे लागत नाही ते माशाला. ‘उचल्या’तल्या पोरांना शिकवावे लागते, आणि तेही रडवून. जन्मजात गुन्हेगारीच्या सिद्धान्तावर मराठीत याहून मोठा आघात झालेला नाही, आणि तो करताना लेखकाने सिद्धान्ताचा एक शब्दही उच्चारलेला नाही.

येथे एका अमेरिकन ग्रंथाची आठवण होते. एडविन सदरलंड या समाजशास्त्रज्ञाने १९३७ साली एका धंदेवाईक चोराचे निवेदन संपादित करून प्रसिद्ध केले. त्या चोराच्या सांगण्यातही हीच गोष्ट येते: चोरी हा कसब लागणारा धंदा आहे, त्याला गुरू लागतो, त्याची भाषा असते, आणि जुने लोक नव्याला स्वीकारतात तेव्हाच तो त्यात शिरतो. गुन्हा जवळच्या माणसांच्या सहवासात शिकला जातो, हा सदरलंडचा प्रसिद्ध सिद्धान्त. त्याच सदरलंडने १९३९ साली ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ ही संज्ञा रूढ केली आणि कंपन्यांचे संचालकही कायदा मोडण्याचे शिक्षण आपापल्या कचेऱ्यांतच घेतात हे दाखवले. १९९२ चा रोखे घोटाळा आपल्या मुंबईतच झाला. कोट्यवधींची ती उचलेगिरी. पण शेअर दलालांच्या मुलांना सकाळ-संध्याकाळ पोलीस ठाण्यावर हजेरी लावावी, असे कोणाच्या मनातही आले नाही. त्यांच्या बाबतीत गुन्हा ‘व्यक्ती’ने केलेला असतो. आमच्या बाबतीत तो ‘जमाती’ने केलेला असतो.

हे सर्व मान्य होण्यासारखे आहे. अडचण येते ती आपल्याच घरातल्या एका पुस्तकाजवळ. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. तिचे मोठेपण निर्विवाद आहे. सरकारच्या दृष्टीने जो दरोडेखोर, तोच दुष्काळात माणसे जगवणारा वीर आहे, हे तिने दाखवले. गावातल्या मांगांवर हजेरी बसते तो भाग वाचताना कायद्याचा काच अंगाला जाणवतो. सरकारचा खजिना लुटणे हा गुन्हा की न्याय, हा प्रश्न वाचकासमोर उभा करणारी कादंबरी त्या काळात दुसरी नव्हती. पण फकिराचे शौर्य कुठून येते? राणोजीकडून. राणोजीने जोगणी आणताना प्राण दिला आणि त्याचे तेज मुलात उतरले, वाडवडलांची तलवार आणि वाडवडलांचे रक्त एकाच वारशाने चालत आले, असा या कादंबरीचा एकूण सूर आहे. अण्णा भाऊंनी इथे पोवाड्याची परंपरा वापरली, आणि पोवाड्यात वीराचा मुलगा वीरच असतो. वाङ्मयप्रकाराची ती मागणी होती हे मी समजू शकतो. तरीही प्रश्न उरतो. शौर्य रक्तातून उतरते असे आपण अभिमानाने म्हणू लागलो, तर चोरी रक्तातून उतरते असे फौजदार म्हणाला तेव्हा आपण त्याला कोणत्या तोंडाने अडवणार? अलीकडे जयंत्यांच्या व्यासपीठांवरून ‘आमचे लढवय्ये रक्त’ ही भाषा जोरात ऐकू येते. टाळ्याही मिळतात. ती भाषा शत्रूच्या शस्त्रागारातली आहे हे आपल्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले पाहिजे.

बाबासाहेबांनी या भाषेला कधीच थारा दिला नाही. जातिव्यवस्थेमुळे वंशशुद्धी राहते, संतती सकस होते, असा युक्तिवाद करणाऱ्यांना १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी सुनावले आहे की हा जर सुप्रजननाचा प्रयोग असेल तर त्यातून सैन्यात भरती होण्यास बहुसंख्येने नालायक ठरणारी खुजी प्रजा का निपजली? आणि १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार जमाती या तिघांचे अस्तित्व त्यांनी हिंदू संस्कृतीच्या खात्यावर टाकले. गुन्हेगार जमातींचा दोष त्या जमातींच्या रक्ताला न देता ज्या संस्कृतीने त्यांना निर्माण केले तिच्याकडे त्यांनी बोट दाखवले. ही प्रस्तावना आपल्या अभ्यासवर्गांतून अजून पुरेशी वाचली जात नाही.

रक्ताचा सिद्धान्त सोडला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या पुरोगामी मित्रांसाठीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. त्यांचा भर ‘संस्कारां’वर असतो. परिस्थिती सुधारा, संस्कार द्या, माणूस सुधारेल. ऐकायला हे निर्मळ वाटते. परंतु हा प्रयोगही आपल्याकडे होऊन गेला आहे. १८९७ च्या दुरुस्तीने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. म्हणजे माणसे पकडताना गुन्हा रक्तातला, आणि मुले हिसकावताना तोच गुन्हा संगतीतला! रक्तातलाच असता तर मुले वेगळी काढून काय साधणार होते? कायद्याला दोन्ही सिद्धान्त हवे होते, कारण दोन्हींचा शेवट कुंपणात होत होता. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे वसाहती झाल्या. सोलापुरात त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. तारेच्या आतली माणसे गिरणीत कामाला जात, पाळी संपली की परत तारेच्या आत. जन्मजात म्हणवलेला चोर मागावर आठ-दहा तास सूत सांभाळतो आणि चोरी करायची विसरतो, हे चमत्कारिक शास्त्र त्या काळात कोणालाही खटकले नाही, कारण गिरण्यांना स्वस्त मजूर हवे होते. या वसाहतींचे अधिकारी स्टार्ट हे सद्हेतूचे गृहस्थ असावेत. १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. पण सद्हेतूने तार मऊ होत नाही.

आणि मग ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. जमाती ‘विमुक्त’ झाल्या. त्या जागी ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. या दोन शब्दांकडे नीट पाहा. ‘जन्मजात’ हा निसर्गाचा शब्द होता, ‘सराईत’ हा सवयीचा, शिक्षणाचा, परिस्थितीचा शब्द आहे. युरोपातल्या शास्त्राने निसर्गाकडून परिस्थितीकडे जो प्रवास केला, तोच प्रवास आपल्या कायद्याने एका दशकात केला. नोंदवहीतली माणसे मात्र तीच राहिली. म्हणून निसर्ग की परिस्थिती, हा वाद आपल्या दृष्टीने अपुरा आहे. गुन्हा गुन्हेगाराच्या आत कुठेतरी दडलेला आहे, फक्त तो रक्तात आहे की मनात एवढेच शोधायचे, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. हजेरीची वही कोणी लिहिली, चोरीचा माल कोणी विकत घेतला, हप्ता कोणाच्या खिशात गेला, हे प्रश्न दोघांच्याही कक्षेबाहेर राहतात. ‘उचल्या’त हे तिन्ही प्रश्न आहेत. पोलीस चोरी थांबवायला येतात त्यापेक्षा वाटा घ्यायला अधिक वेळा येतात, आणि शाळेत गेलेला मुलगा निघाल्यावर जमातीतच कल्लोळ होतो. लेकरांना हगवण-ओकारी लागली ती याच्या शाळेमुळे, असे त्याच्याच लोकांना वाटते. जमातीला अज्ञानात ठेवणारी व्यवस्था जमातीच्या तोंडून कशी बोलते, हे गायकवाडांनी आपल्या माणसांवरची माया न सोडता लिहिले आहे. ही अवघड गोष्ट आहे.

आजचे विज्ञान काय म्हणते, असे विद्यार्थी विचारतील. विज्ञान पुष्कळ पुढे गेले आहे आणि लोम्ब्रोझोच्या कवट्या केव्हाच कपाटात गेल्या आहेत. न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा जन्मापासून अभ्यास करण्यात आला. त्यावर आधारलेल्या २००२ च्या एका प्रसिद्ध निबंधात असे मांडले गेले की एका विशिष्ट जनुकाचे एक रूप असलेल्या मुलांमध्ये, त्यांना बालपणी छळ सोसावा लागला असेल तर, पुढे हिंसक वर्तनाचे प्रमाण वाढते. छळ नसेल तर त्या जनुकाने विशेष फरक पडत नाही. अशा एकेकट्या जनुकांवर बोट ठेवणाऱ्या निष्कर्षांवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. ते बाजूला ठेवले तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. हे सारे संशोधन व्यक्ती-व्यक्तींमधल्या फरकाविषयी आहे. त्यातून एका जमातीविषयी काहीही सिद्ध होत नाही. रिचर्ड लेवोन्टिन या अनुवंशशास्त्रज्ञाने १९७० साली मक्याचा दाखला देऊन हे समजावले होते. आपण ज्वारी घेऊ. एकाच पोत्यातले मिश्र बियाणे अर्धे काळ्या कसदार रानात टाका, अर्धे मुरमाड माळावर. प्रत्येक रानात ताटांच्या उंचीत जो फरक दिसेल तो बियाण्याचा असेल. पण काळ्या रानातले पीक डोक्याइतके आणि माळावरचे गुडघ्याइतके, हा फरक जमिनीचा आहे, बियाण्याशी त्याचा संबंध नाही. ज्याला माळावर ढकलले त्याचे बियाणे तपासत बसणे हे विज्ञान नव्हे. आणि निसर्गच शोधायचा असेल तर जगातल्या कुठल्याही तुरुंगात पुरुषांची संख्या स्त्रियांच्या कितीतरी पट असते. तरी सर्व पुरुषांना गुन्हेगार जमात म्हणून जाहीर करावे, असे कोणत्याही विधिमंडळाला सुचले नाही. १८७१ च्या त्याच कायद्याचा दुसरा भाग मात्र हिजड्यांच्या नोंदणीसाठी होता. कोणाची नोंद करायची, हे शास्त्राने ठरत नाही.

हा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणू नये. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर आणि त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या बारामतीत पिन्या हरी काळे हे पारधी समाजातील गृहस्थ पोलिसांच्या मारहाणीने मेले. दोघेही विमुक्त जमातींचे. अहमदाबादच्या छारानगरातल्या तरुणांनी बुधनवर नाटक उभे केले आणि ‘जन्मजात चोर’ म्हणवल्या गेलेल्या वस्तीतून एक नाट्यचळवळ जन्मली. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमधून विमुक्त जमातीचा माणूस म्हणजे सवयीचा गुन्हेगार असे धरून चालणारी कलमे शिल्लक होती. ती घटनाबाह्य आहेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला, म्हणजे कायदा रद्द झाल्यावर बहात्तर वर्षांनी. कैद्याच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेशही त्याच निकालात आहे.

एका शब्दाची झडती राहिली. ‘उचल्या’चा इंग्रजी अनुवाद साहित्य अकादमीने काढला तेव्हा त्याचे नाव ‘द ब्रँडेड’ असे ठेवले गेले, म्हणजे डाग दिलेला. अनुवादाचे नाव अचूक आहे आणि आपल्या बाजूचेही आहे, कारण डाग देणाऱ्या हाताची त्यात आठवण आहे. मराठी नावात तो हात दिसत नाही. ‘उचल्या’ म्हणजे उचलणारा; गाव ज्या शिवीने हाक मारते तीच शिवी. गायकवाडांना दुसरे, सभ्य नाव सुचले नसेल असे मला वाटत नाही. मराठी वाचकाला ते पुस्तक दुकानात मागताना, ग्रंथालयात नोंदवताना, वर्गात शिकवताना ती शिवी स्वतःच्या तोंडाने उच्चारावी लागते. मराठवाड्यात हे पुस्तक शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या वर्गात त्या जमातीचे एखादे पोर मागच्या बाकावर बसलेले असू शकते. त्या तासाला काय घडते, यावर कोणीतरी लिहायला हवे.